वाचकांचे प्रश्न : फुलापाशी तरंगतोय तो पक्षी की पतंग?

पावसाळा उतरणीला लागला की या सदराकडे हमखास येणारं पत्र म्हणजे “आमच्या गॅलरीत हमिंगबर्ड आला होता.” सोबत एक हललेला व्हिडिओ असतो, त्यात हिरवट काहीतरी फुलापुढे तरंगत असतं. बहुतेक वेळा तो पतंग असतो. उरलेल्या वेळी सूर्यपक्षी, म्हणजे आपला शिंजीर. दोघांबद्दलचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पक्षी म्हणून जांभळा सूर्यपक्षी (सिनिरिस एशियाटिकस) आणि पतंग म्हणून कॉफी हॉकमॉथ (सेफोनोडिस हायलस) ही जोडी समोर ठेवली आहे. गरज पडेल तिथे त्यांचे भाऊबंदही येतील.

प्रश्न (बदलापूर) : पेंटासच्या कुंडीवर संध्याकाळी पाचच्या सुमारास अंगठ्याएवढा हिरवा पक्षी हवेत एका जागी थांबून मध पीत होता. न्यू जर्सीतल्या भाच्याला व्हिडिओ पाठवला, तो म्हणाला, हा हमिंगबर्डच. भारतात हमिंगबर्ड कधीपासून आले?

उत्तर : आलेले नाहीत. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आणि आसपासच्या बेटांवर असतात. आपल्याकडे रानात एकही जात नाही. गंमत म्हणजे तुमच्या भाच्याच्या अंगणात उन्हाळ्यात खरा हमिंगबर्ड येतो (रुबी-थ्रोटेड), आणि त्याच फुलांवर हेमारिस नावाचा पारदर्शक पंखांचा हॉकमॉथही येतो. म्हणजे फसगत तिकडेही होतेच.

तुमच्या व्हिडिओत कॉफी हॉकमॉथ आहे. तो दिवसा उडतो. पाठ पोपटी-हिरवी, पोटावर काळपट-तांबूस पट्टा, शेपटीला काळ्या केसांचा झुपका आणि पंख आरपार दिसणारे, त्यावर फक्त गडद शिरा. पंखांचा पसारा साधारण ४५ ते ७३ मिलिमीटर. पक्षी वाटतो तो शेपटीच्या झुपक्यामुळे आणि सोंडेमुळे. फुलात घातलेली सोंड ताठ आणि सरळ दिसते, तीच चोच वाटते.

पुढच्या वेळी या गोष्टी बघा, याच क्रमाने.

आधी डोक्यावर. दोन जाडसर मिशा पुढे आलेल्या असतील तर विषय संपला, पक्ष्याला मिशा नसतात. मग फुलातून मागे सरकण्याचा क्षण पकडा. पतंगाची सोंड बाहेर येताच घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून हनुवटीखाली जाते. चोच अर्थातच गुंडाळली जात नाही, आणि सूर्यपक्ष्याची चोच तर स्पष्ट खाली वाकलेली, सुमारे दोन सेंटीमीटरची असते. तिसरी खूण पायांची. सूर्यपक्षी शक्यतो बसून पितो. देठ, कळी, शेजारची फांदी, जे मिळेल ते धरतो, प्रसंगी उलटा लोंबकळतो. हवेत थांबणं त्याला जमतं, पण क्षणभरच. जो प्राणी वीस-पंचवीस फुलं एकदाही न बसता फिरला, तो आपल्याकडे पतंगच समजा.

आकाराचा अंदाज मात्र फसवा असतो, त्यावर भिस्त ठेवू नका. जांभळा सूर्यपक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर आणि वजनाला ५ ते १० ग्रॅम. पतंग त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा लांब आणि वजनाला एखादा ग्रॅम. पण पंखांच्या धूसर चक्रामुळे तो दुप्पट मोठा भासतो.

व्हिडिओतला प्राणी हिरवा नसून मातकट-करडा असेल आणि उडताना मागच्या पंखांची नारिंगी झाक दिसत असेल, तर तो मॅक्रोग्लॉसम गटातला पतंग. तोही दिवसा उडतो, आणि त्याची पसरलेली शेपटी तर आणखीच पक्ष्यासारखी.

प्रश्न (सातारा) : दोघंही मधच पितात, मग पतंगाला तरंगणं जमतं आणि सूर्यपक्ष्याला का जमत नाही?

उत्तर : पंखांची जोडणीच वेगळी. पक्ष्याचा पंख म्हणजे हाडं असलेला हात. उडण्याचं मुख्य बळ तो खाली मारताना मिळतं. हमिंगबर्डचा खांदा असा फिरतो की पंख वर नेतानाही उचल मिळते. सूर्यपक्ष्याचा खांदा तसा नाही, त्यामुळे तरंगायला त्याला फार ताकद लागते आणि तो लवकर बसतो. त्याचं बिघडत काही नाही, कारण आपल्याकडची पक्ष्यांची फुलं बहुतेक बसायला जागा देणारी असतात. पांगारा, पळस, काटेसावर, केळफूल आठवून पाहा.

पतंगाच्या पंखात स्नायूच नसतात. स्नायू छातीच्या डबीत असतात, ते आकसले-सैलावले की डबीचा आकार बदलतो आणि पंख हलतात. पुढचा आणि मागचा पंख एका राठ केसाने एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून चार पंख दोनासारखे चालतात. युरोप-आशियातल्या मॅक्रोग्लॉसम स्टेलाटॅरम या नातलगाच्या पंखांचे फडके सेकंदाला ७० ते ८० मोजले गेले आहेत.

पिण्याची तऱ्हाही निराळी. सूर्यपक्ष्याची जीभ चोचीबाहेर येणारी, नळीसारखी आणि टोकाला दुभंगलेली असते. पतंगाची सोंड दोन अर्धनळ्या जुळून बनलेली असते. आणि एक मोठा फरक विसरला जातो : पतंग मोठा झाल्यावर फक्त पातळ अन्न घेतो, अंग बांधायला लागणारी प्रथिनं त्याने अळी असताना पानांतून साठवलेली असतात. सूर्यपक्षी मात्र आयुष्यभर मधाच्या जोडीला कोळी आणि किडे खातो. पिल्लांना तर मुख्यत्वे तेच भरवतो. म्हणून ज्या बागेत दर आठवड्याला कीटकनाशक फवारलं जातं, तिथे फुलं कितीही असोत, सूर्यपक्षी येऊन मध पिऊन जाईल, पण घरटं क्वचितच करेल.

प्रश्न (कुडाळ) : अनंताच्या झाडाची पानं दोन दिवसांत साफ झाली. खाली काळ्या, बोराच्या बीएवढ्या गोळ्या पडल्या आहेत. औषध कोणतं मारू?

उत्तर : त्या गोळ्या अळीच्या लेंड्या आहेत. नीट पाहिलंत तर त्यांवर उभ्या खाचा दिसतील, हॉकमॉथच्या मोठ्या अळीची ती खूण. लेंड्या जिथे पडल्या त्याच्या बरोबर वर, पानाच्या खालच्या बाजूला अळी सापडेल. हिरवी, सहा-साडेसहा सेंटीमीटरपर्यंत वाढणारी, शेपटीवर एक शिंग. शिंग टोचत नाही, त्यात विष नाही. हीच कॉफी हॉकमॉथची अळी. अनंत आणि कॉफी एकाच कुळातली झाडं, म्हणून ती दोन्हींवर चालते.

“दोन दिवसांत” असं सगळेच लिहितात. खरं तर ती दोन-तीन आठवड्यांपासून झाडावर असते. मादी कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालते. पहिले बरेच दिवस अळी इतकी बारीक असते की खाल्लेलं लक्षात येत नाही. एकूण खाण्याचा मोठा वाटा शेवटच्या चार-पाच दिवसांत उरकला जातो, तेव्हा आपली नजर जाते आणि आपण औषधाच्या दुकानात जातो. तोवर अळी खाऊन संपवून खाली उतरायच्या बेतात असते. फवारणी वाया जाते आणि झाडावरचे कोळी तेवढे मरतात.

तीन-साडेतीन फुटांच्या निरोगी झाडाला दोन-तीन अळ्या सहज सोसतात, पुन्हा पालवी फुटते. कुंडीतलं लहान रोप असेल किंवा अळ्या जास्त असतील, तर पानासकट तोडून दुसऱ्या मोठ्या अनंतावर नेऊन ठेवा. ओढून काढू नका. मागचे पाय पानाला घट्ट धरतात आणि ताणाताणीत अळी फाटते. तगरीवर किंवा कण्हेरीवर ठेवलीत तर उपाशी मरेल, तो तिचा पाला नव्हे.

अगदीच हाताबाहेर गेलं तर बॅसिलस थुरिन्जेन्सिस (अळ्या मारणारा जिवाणू) असलेली भुकटी, पाकिटावरच्या मात्रेने पाण्यात मिसळून, संध्याकाळी, फक्त त्याच झाडावर. ती पोटात गेल्यावरच काम करते, म्हणून पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. मोठ्या अळीवर तिचा परिणाम कमी होतो. क्लोरपायरिफॉससारखी औषधं घरच्या झाडाला नकोत, विशेषतः जवळ घरटं असेल तर नकोच नको. फवारलेली अळी पिल्लाच्या तोंडात जाते.

पानं खाल्लेली नसून पिवळी पडत असतील, शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर दोष अळीचा नाही. अनंताला आम्लधर्मी माती लागते. बोअरच्या जड पाण्यावर तो लोह घेऊ शकत नाही.

प्रश्न (नाशिक) : तगरीवरच्या अळीला डोक्याशी निळे डोळे आहेत. तीही हीच का?

उत्तर : नाही, ती ओलिअँडर हॉकमॉथची (डॅफ्निस नेरिआय). ते डोळे नव्हेत, ठिपके आहेत. घाबरवलं की अळी डोकं आत ओढते आणि ते ठिपके फुगून पुढे येतात. तगर, कण्हेर, सदाफुली हा तिचा पाला. तिचा पतंग हिरव्या-गुलाबी नक्षीचा असतो आणि अंधार पडताना उडतो, त्यामुळे तो कुणी हमिंगबर्ड म्हणून पाठवत नाही. अळी हिरवी सोडून तपकिरी झाली आणि सैरावैरा चालायला लागली, तर आजारी नाही, कोषात जायची जागा शोधते आहे.

प्रश्न (ठाणे) : मुलीला शाळेसाठी अळीपासून पतंग होताना दाखवायचा आहे. घरी जमेल?

उत्तर : जमेल. मोठी झालेली अळी घ्या, म्हणजे पाला पुरवायचं काम आठवड्यावर येतं. पाच लिटरचा रुंद डबा, तळाला सात-आठ सेंटीमीटर कोकोपीट किंवा चाळलेली माती. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, इतकीच ओल. वर सुती कापड रबराने बांधा. प्लॅस्टिकचं झाकण लावलंत तर आत वाफ धरते, बुरशी येते, आणि अशा प्रयोगांतल्या बहुतेक अळ्या त्यानेच मरतात. रोज ताजी फांदी द्या, पानं कोरडी हवीत. लेंड्या रोज काढा.

अळी खाणं सोडून मातीत किंवा पाचोळ्याखाली गेली की उकरू नका. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पतंग निघतो. त्याआधी डब्यात एक खरबरीत काडी तिरकी उभी करा. बाहेर आलेला पतंग तिच्यावर चढून लोंबकळतो, तेव्हा चुरगळलेले पंख रक्ताच्या दाबाने उलगडतात. काडी नसली की गुळगुळीत भिंतीवरून तो घसरत राहतो, पंख वाकडे वाळतात आणि मग सुधारत नाहीत.

या वेळी मुलीला जवळ बसवा. नुकत्याच निघालेल्या कॉफी हॉकमॉथचे पंख पारदर्शक नसतात, त्यावर करड्या खवल्यांचा पातळ थर असतो. पहिल्या उड्डाणात पंख फडफडताच ते खवले धुरळ्यासारखे झडतात आणि पंख स्वच्छ होतात. खाली पांढरा कागद अंथरला असेल तर झडलेली भुकटी भिंगाखाली बघता येते. उडण्याआधी पतंग काही मिनिटं बसल्या जागी थरथरतो. तो मरत नाहीये, छातीचे स्नायू तापवतोय. हॉकमॉथना उडायला छातीचं तापमान ३५ अंशांच्या पुढे लागतं. पक्ष्याला ही तयारी लागत नाही, त्याचं अंग कायम उष्ण.

अळीच्या अंगावर तांदळाएवढे पांढरे कोष चिकटलेले दिसले, तर ते परजीवी गांधीलमाशीचे आहेत. ती अळी वाचणार नाही. पण मुलांना दाखवायला तोही उत्तम विषय.

प्रश्न (पुणे) : गॅलरीतल्या कपड्यांच्या तारेवर सूर्यपक्ष्याने घरटं बांधलं आहे. नर आरशावर आणि काचेवर धडका मारतो. घरटं हलवावं का?

उत्तर : हलवू नका. मादी ते जवळपास एकटीच बांधते. दोन अंडी, क्वचित तीन, उबवणं साधारण पंधरा दिवस, पुढे दोनेक आठवड्यांत पिल्लं उडतात. म्हणजे अंडी पडल्यापासून महिनाभर कपडे दुसरीकडे वाळत घाला. रात्री गॅलरीतला दिवा बंद, फ्लॅश नको, कुंड्यांची जागा बदलू नका. मांजर चढेल अशी खुर्ची किंवा पेटी घरट्याखाली असेल तर आजच काढा.

घरटं लांबून नीट पाहा, हात न लावता. लोंबती पिशवी, दार बाजूला आणि त्यावर छोटा छज्जा. बांधणीचा डिंक म्हणजे कोळ्याचं जाळं. बाहेरून सालीचे कपचे, वाळकी पानं, कागदाचे तुकडे आणि अळ्यांच्या लेंड्या चिकटवलेल्या. आत मऊ कापूस. कुडाळच्या वाचकांना ज्या गोळ्यांचा राग आला, तसल्याच गोळ्या इथे भिंतीला लागतात. घरटं कचऱ्यासारखं दिसावं म्हणूनच ही सजावट, आणि कित्येकदा ते झाडूने जातंही त्यामुळेच. कामाला येणाऱ्या बाईंना आधी दाखवून ठेवा.

तार तुटून किंवा वाऱ्याने घरटं पडलं, पिल्लं जिवंत असली, तर अर्ध्या करवंटीला भोकं पाडून त्यात घरटं तसंच बसवा आणि सुतळीने मूळ जागी बांधा. दार पूर्वीच्याच दिशेला हवं. आपण दूर झालो की तास-दोन तासांत मादी येते. माणसाचा वास लागला की पिल्लं टाकतात ही समजूत चुकीची आहे. पिल्लांना दूध, पाणी, भात भरवू नका. पाणी श्वासनळीत जातं.

काचेवरची मारामारी प्रतिबिंबाशी असते, नराला तो दुसरा नर वाटतो. पडदा आतून ओढून उपयोग होत नाही, उलट प्रतिबिंब अधिक ठळक होतं. काचेला बाहेरून वर्तमानपत्र किंवा जुनी चादर लावा. आरसा झाका. विणीचा काळ ओसरला की धडका थांबतात.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : चमकदार काळा-निळा नर ऑक्टोबरात पिवळा झाला, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरली. आजार आहे का?

उत्तर : नाही. वीण संपली की जांभळा सूर्यपक्षी झळाळी उतरवतो आणि मादीसारखा पिवळट होतो. ती रेघ नराचीच खूण. विणीच्या दिवसांआधी तो पुन्हा काळा-निळा होतो, मध्ये काही दिवस ठिगळं लावल्यासारखा दिसतो. पंचरंगी सूर्यपक्ष्याचा नर (तपकिरी-लाल पाठ, पिवळं पोट) वर्षभर सारखाच राहतो.

प्रश्न (मडगाव) : दोघांसाठीही काय लावावं? बाजारात मिळणारा साखरपाण्याचा फीडर टांगू का?

उत्तर : फीडरपेक्षा झाड बरं. सूर्यपक्ष्यासाठी शक्यतो लाल-नारिंगी, नळीची, वास नसलेलीही चालणारी फुलं : हमेलिया, रसेलिया, जास्वंद, बॉटलब्रश, जागा असेल तर शेवगा आणि पांगारा. जास्वंदीत तो बरेचदा समोरून जात नाही, बुडाशी भोक पाडून मध चोरतो, फुलाला काही मिळत नाही. आंब्यावरचं बांडगूळ सरसकट तोडण्याआधी एवढं बघा की त्याच्या लांबट फुलांवर सूर्यपक्षी रोज असतो का. एखादा झुपका राहू द्यायला हरकत नाही, बाकीचं काढा, कारण फुलटोच्या हा छोटा पक्षी त्याची फळं खाऊन बिया फांदीफांदीवर लावत जातो.

दिवसा उडणाऱ्या हॉकमॉथसाठी पेंटास, एक्झोरा, सदाफुली. आणि अळीसाठी एक अनंत, हे विसरलात तर पतंग फक्त पाहुणा राहील. रात्रीच्या हॉकमॉथसाठी बूच आणि मधुमालती. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, वास सोडतं, लांब सोंडेच्या पतंगांना बोलावतं. दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल, तेव्हा दिवसाची गिऱ्हाइकं येतात. एका वेलीवर दोन्ही पाळ्या बघायला मिळतात. घाणेरीवरही हे सगळे येतात, पण ती लावू नका, रानभर पसरते.

फीडर लावायचाच असेल तर १ भाग साधी पांढरी साखर, ४ भाग पाणी, उकळून गार केलेलं. मध, गूळ, रंग काही नाही. मधाने बुरशी लवकर धरते. आपल्या उन्हात पाणी रोज बदला आणि भांडं गरम पाण्याने, ब्रशने घासा. एवढं रोज होणार नसेल तर टांगू नका.

प्रश्न (अमरावती) : या पतंगाचा स्पष्ट फोटो येत नाही.

उत्तर : पंख थांबवायचे तर शटर १/२००० ते १/४००० सेकंद लागतं, म्हणजे सकाळचं किंवा चारच्या सुमाराचं ऊन हवं. पतंगामागे धावू नका. तो एकाच झुपक्याची फुलं पुन्हा पुन्हा फिरतो, म्हणून त्याने अजून न घेतलेल्या फुलावर फोकस लावून थांबा. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचा स्लो मोशन लावा. पंखांच्या एका फडक्याला सुमारे तीन चौकटी मिळतात, त्यातली एक निघते. सूर्य पतंगाच्या मागे ठेवलात तर पारदर्शक पंखातल्या शिरा मोजता येतील. सूर्यपक्ष्यासाठी उलटं करा, ऊन तुमच्या पाठीशी हवं, नाहीतर तो नुसता काळा येतो.